जिवंत माणसाची वीरगळ

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा जादा तास. वेळापत्रकात चित्रकला असायची आणि फळ्यावर लसावि. थेरगावातली शाळा, एका वर्गात सत्तर मुलं, निम्म्यांचे वडील चाकणला नाहीतर भोसरीला शिफ्टमध्ये. चित्रकला बुडाली म्हणून भांडायला कोण येणार होतं? मी सातवीत असताना बिराजदार बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात गणिताचे सर खडू घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, माझी गोष्ट अर्धी राहिलीय. ऐकायची असेल तर मागच्या बाकावर जागा आहे."

सर हसले आणि खरंच बसले. अर्ध्या तासाने उठून गेले. पुन्हा त्यांनी तो तास मागितला नाही.

बाई बुटक्या आणि काटक होत्या. मूळच्या लातूरकडच्या. एरवी शाळेतली नीटनेटकी भाषा बोलायच्या, पण रागावल्या की "काय करलालीस गं तू?" असं तोंडून निघायचं आणि आम्ही गालात हसायचो. घरी कोण असतं, लग्न झालं होतं की नाही, हे मला आजही नक्की माहीत नाही. रहाटणीत एका खोलीत राहायच्या एवढं ठाऊक होतं. चहा अर्धा प्यायच्या आणि विसरायच्या. शिक्षकांच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचे गार झालेले कप ओळीने सापडायचे.

त्यांच्या कापडी पिशवीत दोनच गोष्टी कायम असत. जुन्या कॅलेंडरांची एक जाड गुंडाळी आणि एक मोठा काळा रुमाल. कॅलेंडरं कंपन्यांनी दिवाळीला वाटलेली. कुठे अजिंठ्याची भिंत आणि खाली बेअरिंगच्या कारखान्याची जाहिरात, कुठे राजस्थानी दरबार आणि खाली गॅस्केट. आमच्या घरांमधूनच त्यांनी ती गोळा केली होती. आम्हाला कलेचा जो काही इतिहास कळला, तो त्या गुंडाळीतून.

चित्र भिंतीला लावायच्या आधी त्या त्यावर रुमाल टाकायच्या. मग रुमाल एका कोपऱ्यात इंचभर सरकवायच्या. एकदा पंधरा मिनिटं आम्ही फक्त एक हात बघत होतो. छत्रीचा दांडा धरलेला हात.

"ह्याचं नाव काय ठेवायचं?"

"बंड्या!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

"बरं, बंड्या. बंड्या सकाळपासून उभा आहे. जेवलाय का?"

"नाही, बाई."

"हात दुखतोय?"

"दुखतोय!"

"बदलू शकतो का हात?"

आम्ही विचारात पडलो. एकाने सांगितलं की नाही, राजाला ऊन लागेल. मग त्यांनी सगळा रुमाल ओढला. मध्ये सिंहासनावर राजा होता, हिरे होते, गालिचे होते, आणि आमच्यातलं एकही पोर राजाकडे बघत नव्हतं. सगळे बंड्याचा दुसरा हात शोधत होते. बाई म्हणाल्या, "राजा सगळ्यांना आपोआप दिसतो. त्याच्यासाठी बाई कशाला पाहिजे?"

त्या कधी कुणाला 'छान' म्हणाल्या नाहीत. चित्र दाखवलं की एकच शब्द, "मग?" मग म्हणजे पुढे काय झालं ते सांग. सांगता आलं नाही तर चित्र परत न्यायचं. आम्हाला सुरुवातीला हा छळ वाटायचा. पण डोंगरामागचा सूर्य दाखवल्यावर "मग?" विचारलं की सांगणार काय? दोनच महिन्यांत वर्गातले डोंगर संपले. त्यांच्या जागी बसला लोंबकळणारे लोक आले, नळावरची भांडणं आली, नाइट शिफ्ट करून भर दुपारी झोपलेले बाप आणि त्यांच्या शेजारी तोंडावर बोट ठेवून बसलेली भावंडं आली.

माझे वडील कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं जोडून वाचायला शिकले ती पत्रकांवर आणि चित्रं काढायचे तीही त्यांच्या कोऱ्या पाठीवर. एकदा बाईंनी माझं चित्र हातात घेतलं, उलटं केलं आणि मागचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"कुणी लिहिलंय?"

"पप्पांनी."

"खरं आहे सगळं," त्या म्हणाल्या. मग ओळींवरून बोट फिरवत, "पण बघ, 'कामगार बंधूंनो' आहे, 'पिळवणूक' आहे, 'हजारो हात' आहेत. नाव एकाचंही नाही. पप्पांना विचार, त्या हजारातल्या एका हाताचं तरी नाव काय."

मी घरी जाऊन विचारलं. पप्पा जेवता जेवता थांबले. घास ताटात ठेवून म्हणाले, "तुझ्या बाई डेंजर आहेत गं."

तेव्हापासून मी नावांच्या बाबतीत कट्टर झाले. बाईंच्या वर्गातल्या प्रत्येक चित्राखाली चित्रातल्या माणसाचं नाव लिहिलेलं असे. नाव नसलेलं चित्र त्या भिंतीला लावत नसत.

आठवीत त्यांनी आम्हाला चाकणच्या अलीकडच्या एका गावात नेलं. महामार्गावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती आणि मध्येच चुकून राहिल्यासारखं एखादं कांद्याचं वावर. गावातल्या भैरवनाथाच्या देवळाला नव्या गुळगुळीत फरशा बसल्या होत्या. देवळामागे पाण्याच्या टाकीजवळ कमरेएवढा एक कोरीव दगड उभा होता. त्याला कुणीतरी चंदेरी ऑइलपेंट फासला होता. एक आजोबा त्याला पाठ टेकून बसले होते.

"आजोबा, जरा सरकता का? मुलांना दगड बघायचाय."

"ह्यो? ह्यात काय बघायचंय? आमी ह्याच्यावर कोयतं घासतो."

"कुणाचा आहे?"

"न्हाई बा ठावं. आज्याच्या आधीपास्नं हाय."

बाईंनी रुमाल काढला आणि दगडाचा वरचा भाग झाकला. "ही वीरगळ. हिचं पुस्तक उलटं असतं. खालून वर वाचायचं." सगळ्यात खाली गाई होत्या, तलवारी घेतलेली माणसं होती आणि एक माणूस आडवा पडला होता. आम्ही ओरडून ओरडून गोष्ट जुळवली. गाई चोरायला आले, हा आडवा गेला, मेला. रुमाल वर सरकला. मधल्या चौकटीत दोन बायका त्याला दंडाला धरून उचलत होत्या. त्या अप्सरा, बाईंनी सांगितलं. सगळ्यात वरच्या चौकटीत तोच माणूस पिंडीपुढे हात जोडून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर चंद्र आणि सूर्य.

"चंद्र-सूर्य आहेत तोवर ह्याला विसरायचं नाही, असं गावाने लिहून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "हा दगड राजाने उभा केला नाही. गावाने केला. ज्यांच्या गाई वाचल्या त्यांनी."

आजोबा केव्हाच उठून उभे राहिले होते. "आमच्या गावच्या गाई व्हय?" त्यांनी उपरण्याने दगड पुसायला घेतला. "आन आमी त्याच्यावर कोयतं घासतुया, च्यायला!"

"घासा की," बाई म्हणाल्या. "कोयते त्याच्याच गावाचे आहेत. त्याची हरकत नसेल."

परतीच्या बसमध्ये त्या खूश होत्या. मी त्यांना एवढं खूश पुन्हा पाहिलं नाही.

पुढे मी शाळा संपवली, कॉलेज केलं आणि पप्पांच्या संघटनेची पत्रकं मी लिहू लागले. आता कारखाने बदललेत. निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी. त्यांची नावं कंपनीलाही पाठ नसतात. मी मात्र नावं लिहायचे. बाई तिथेच होत्या, त्याच शाळेत, त्याच पिशवीसह. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. "प्रदर्शन आहे. ये. ह्या वेळी दगड उभे केलेत."

त्यांनी आठवीच्या मुलांना विचारलं होतं, तुमच्या गल्लीत कुणाची वीरगळ उभी करायला पाहिजे? मुलांनी पॅकिंगचे जाड खोके कापून, राखाडी रंग देऊन, शाळेच्या हॉलमध्ये ओळीने उभे केले होते. एका खोक्यावर वाकडच्या टॉवरच्या स्लॅबवरून पडलेला मामा होता. एकावर बाळंतपणात गेलेली काकू. आणि खिडकीजवळ दीपालीची वीरगळ.

खालच्या चौकटीत प्रेस मशीन होतं. पत्रा दाबून मोटारीचे भाग करणारं. मशीनसमोर एक माणूस आणि मशीनवर एक काळा ठिपका. मी विचारलं तेव्हा दीपालीने सांगितलं, "तो सेन्सर आहे, ताई. हात आत असला की मशीन थांबवतो. बंद होता म्हणून काळा काढलाय. चालू ठेवला तर माल कमी निघतो ना." मधल्या चौकटीत तीन अप्सरा होत्या, नायलॉनच्या साड्या नेसलेल्या, केसांना रिबिनी. प्रत्येकीच्या हातात एकेक बोट. वरच्या चौकटीत ती तीन बोटं पिंडीसमोर उदबत्त्यांसारखी उभी होती. वर चंद्र आणि सूर्य. खाली बॉलपेनने ठसठशीत अक्षरांत वडिलांचं नाव, प्रेसचा नंबर आणि 'उजवा हात'.

मी आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत जे नव्हतं ते त्या खोक्यावर होतं.

बाईंनी मला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. दीपालीचे वडील ज्ञानोबा. लातूरकडचेच, अहमदपूरच्या बाजूचे. बोटं गेली तेव्हा कंपनीने कागदावर लिहून घेतलं की गावाकडे कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला. त्यांनी सही केली, म्हणून त्याच कंपनीच्या गेटवर त्यांना बसून करायचं काम मिळालं.

"बाई, हे मी पत्रकावर छापू?"

"छाप. पण नावासकट. नाव काढलंस तर ते चित्र चोरल्यासारखं होईल."

मी दीपालीला विचारलं. ती लाजून हो म्हणाली. बाईंना विचारलं होतंच. संघटनेत विचारलं, सगळे हो म्हणाले. एका माणसाला कुणीच विचारलं नाही. त्याची मुलगी, तिच्या बाई, आमची संघटना, सगळ्यांनी आपापसात ठरवलं की ज्ञानोबाची वीरगळ उभी राहिली पाहिजे.

दुपारची शिफ्ट सुटताना आम्ही त्या कंपनीच्या गेटवर पत्रक वाटलं. एरवी आमची पत्रकं गेटपासून वीस पावलांवर गटारात दिसतात. त्या दिवशी एकही दिसलं नाही. लोक घडी घालून खिशात ठेवत होते. एकाने ते उभ्या उभ्या खालून वर वाचलं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "भावा, हे बघ, बोटं चालली वर," तो शेजारच्याला म्हणाला. मी हवेत होते. गेटवरच्या केबिनमध्ये डावीकडे कोण बसलंय, हे मी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबांना आत बोलावलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. कागदावर कडबाकुट्टी होती आणि पत्रकात प्रेस. म्हणजे एकतर तुम्ही तेव्हा खोटं बोललात नाहीतर आता, असं त्यांना सांगितलं गेलं. ज्या कंपनीने स्वतः ते खोटं लिहून घेतलं होतं, तिने.

कंपनीचा गुन्हा कंपनीचाच. तो मी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर घालणार नाही. सेन्सर बाईंनी बंद केला नव्हता. पण पुढचं सांगितलं नाही तर हे व्यक्तिचित्र खोटं होईल.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ज्ञानोबा शाळेत आले. मी योगायोगाने तिथे होते. उरलेली पत्रकं बाईंना द्यायला गेले होते. किरकोळ अंगाचा, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. उजवा हात खिशात. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी मनात उत्तरं जुळवू लागले.

"बाई, मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "चित्र बघायचं होतं. पेपरवर बारीक छापलंय."

बाई त्यांना हॉलमध्ये घेऊन गेल्या. ते खोक्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ बघितलं.

"ह्या बाया कोण?"

"अप्सरा," बाई म्हणाल्या.

"माझी बोटं नेलाल्यात व्हय?" ते हसले. खरोखर हसले. "मला तर सुपरवायझरनं कॅरीबॅगेत घालून दिली होती. म्हणला, दवाखान्यात जोडतेत. दवाखान्यात गेलो तर उशीर झाला म्हणले." पुन्हा चित्राकडे बघून, "पोरीनं चांगलं काढलंय. साड्यांची डिझाइन तिच्या आईच्याच साडीची आहे."

त्यांनी डाव्या हाताने खोक्यावरचं आपलं नाव चाचपलं.

"पोरगी सांगत होती, दगड गावानं उभा करायचा असतो म्हणून. कोण्या गावानं, बाई? आपलं गाव तर तिकडंच राहिलं."

बाईंनी मान खाली घातली.

"आणि दगड तर मेल्यावर उभा करतेत ना?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखादा विद्यार्थी शंका विचारतो तसं विचारलं. "मी तर आहे की अजून. मला सकाळी डब्बा घेऊन जायचं होतं कामाला."

"चुकलं," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"तुमी कशाला... तुमी चांगल्यासाठीच..." ते घाईघाईने उठले. त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. दारापर्यंत जाऊन थांबले. "तेवढं नाव खोडता आलं तर बघा. दुसरीकडं वॉचमनचं बघलालोय. ह्यांचे लोक सगळीकडं असतेत."

नाव बॉलपेनने लिहिलेलं होतं, खोडलं जाईना. बाईंनी टेबलाच्या खणातून ब्लेड आणलं, खोक्याची खालची पट्टी कापली आणि तिचे तुकडे करून पिशवीत टाकले. मी म्हणाले, "बाई, हे काय करताय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मुख्याध्यापकांनी त्यानंतर त्यांना लेखी सूचना दिली. यापुढे फक्त चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेचा अभ्यासक्रम. गोष्टी, सहली, प्रदर्शनं बंद. शाळेला बाकं आणि पंखे कोणत्या कंपन्यांकडून येतात हे सगळ्यांना माहीत होतं. मी पेटले. पालकांच्या सह्या, शाळेपुढे सभा, सगळं कागदावर मांडून मी रहाटणीला त्यांच्या खोलीवर गेले. त्यांनी चहा केला.

"बाई, तुम्ही फक्त हो म्हणा. जुने विद्यार्थी येतील. शंभर तरी येतील."

"आणि दीपालीच्या वडिलांचं नाव परत पत्रकात येईल."

"नाव नाही घालणार."

"मग कशासाठी लढणार? 'हजारो हातां'साठी?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या गावाने दगड उभा केला, कारण नंतर त्या माणसाच्या बायकापोरांकडे त्या गावालाच बघायचं होतं. दगड ही त्याची पावती होती. आपण दोघींनी दगड उभा केला आणि आपापल्या घरी गेलो."

"पण चूक कंपनीची आहे!"

"हो. ते मला कळतं. माझी कोणती आहे ते बोललाले मी."

मी वाद घातला. आवाज चढवला. मी म्हणाले की अशाने कुणीच कधी काही बोलणार नाही, की भीतीने चित्रं काढायची थांबवली तर ते जिंकले. हे सगळं आजही मला खरंच वाटतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीपाली आता काय काढते, माहितीय?"

मला माहीत नव्हतं.

"काहीच नाही. वहीला कव्हर घालून बसते. मी जवळ गेले की अंग चोरते. तिला वाटतं तिच्या चित्राने बापाचं काम गेलं." त्यांनी गार झालेला कप बाजूला सारला. "तीस वर्षं मी पोरांना सांगितलं की चित्रात ताकद असते. खरं निघालं बघ."

ज्ञानोबांना वाकडला एका सोसायटीत वॉचमनचं काम लागलं, बारा बारा तासांचं, उभं राहून. आम्ही केस करू म्हणालो तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. मी त्यांच्यासाठी पुढे काही करू शकले नाही. लिहिलं, तेही नाव न घालता. इथे घातलेली नावंही खरी नाहीत.

परवा पप्पांच्या एका कामासाठी शाळेत गेले होते. हॉलमध्ये ग्रेड परीक्षेची तयारी चालू होती. मी दारातच थांबले. मध्ये टेबलावर पांढरं कापड अंथरून एक पितळी तांब्या, दोन वांगी आणि एक ठोकळा मांडला होता. मुलं गोल बसून पेन्सिलने छाया भरत होती. भिंती कोऱ्या होत्या. बाई रांगांमधून फिरत होत्या, केस बरेच पांढरे झालेले, हातात पट्टी. वाकून एखाद्याच्या कागदावर तांब्याची कड सरळ करून द्यायच्या आणि म्हणायच्या, "छान."

पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने हात वर केला. "बाई, ह्या तांब्यात पाणी आहे का?"

बाई थांबल्या. मला दिसलं की त्या थांबल्या. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग तांब्याकडे. मी दाराची चौकट धरून वाट बघत होते.

"ते पेपरात विचारत नाहीत," बाई म्हणाल्या. "बाहेरून दिसतं तेवढंच काढ."

मुलीने मान डोलावली आणि छाया भरू लागली. बाई पुढच्या बाकाकडे वळल्या. मी आत गेले नाही.